पास की पाच

ओतूर, ७ जानेवारी २०२५

भरत भाऊजी,

फोन तुम्ही उचलत नाही, आणि उचलला असतात तरी मी हे फोनवर बोलले नसते. ज्या एका शब्दावरून आपलं बोलणं तुटलं तो शब्द फोनवर नीट ऐकू येत नाही. कागदावर तो चुकत नाही. म्हणून लिहिते.

शेजारचे दादाभाऊ काल तुमच्या घोडेगावहून आले ते थेट माझ्या ओट्यावर. पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाले, "वैनी, मी सांगितलं म्हणून बोलू नका कुठं. पर भरतभाऊ आज दुकानात चार गिऱ्हाइकांच्या देखत बोलला. म्हणला, दादा पाच म्हणला व्हता, वहिनीनं पास ऐकलं, आन् माणूस घालवला." तीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होते. निरोप तिकिटासारखा फाडून हातात ठेवतात, त्यात स्वतःचं काही घालत नाहीत. म्हणून मी विश्वास ठेवला.

तीन वर्षं तुम्ही हे मनात म्हणत होतात ते मला कळत होतं. आता पंपाच्या जळक्या मोटारी भरून घ्यायला दुकानात येणाऱ्या लोकांनाही कळलं. बरं झालं. मनातल्या बोलण्याला उत्तर देता येत नाही, याला देता येतं.

उत्तर असं की तुमचे दादा पास म्हणाले. दवाखान्यात मी त्यांच्या उशाशी होते, तोंडापासून वीतभरावर. तुम्ही पायथ्याशी, पलंगाची दांडी धरून उभे. डॉक्टरांनी वाकून विचारलं, "बाबा, पुण्याला हलवायचं का? डोक्याचं ऑपरेशन करावं लागेल. गुण येईलच असं नाही." आणि हे म्हणाले, पास. पास म्हणजे पास. मी डॉक्टरांना सांगितलं, नको, आम्ही घरी नेतो. माणूस जे बोलला तेच मी पुढे सांगितलं. घरी नऊ दिवस होते, आपल्या अंथरुणात गेले. वीतभरावरून ऐकलेलं खरं की सहा फुटांवरून?

पत्र पोचल्याचं कळवा. नाही कळवलंत तर दादाभाऊ आहेतच.

कुशा वहिनी

ओतूर, ८ जानेवारी

भरत भाऊजी,

कालचं पत्र सकाळी पेटीत टाकलं आणि घरी पोचेपर्यंत वाटायला लागलं, मी कमरेला पदर खोचून तुमच्या दारात उभी राहिले. हे लगेच लिहितेय. दोन्ही बरोबर पोचली तर आधी हे वाचा.

आपलं ब्रिजचं टेबल तुम्ही यायचे थांबलात तेव्हापासून भिंतीला लावलंय. त्यावर लसूण वाळतो. दादाभाऊंची सून आशा परवा लसूण न्यायला आली आणि म्हणाली, "काकू, टेबलाच्या चार बाजूंना पिवळ्या रंगात उत्तर-दक्षिण काय लिहिलंय? घर बांधताना मांडलंवतं का?" तो रंग तुमच्या दादांनी कालव्याच्या दारांवर नंबर टाकायला आणलेल्यातला उरलेला. उत्तरेला ते, समोर दक्षिणेला तुम्ही. पूर्वेला मी, समोर पश्चिमेला दादाभाऊ. समोरासमोरचे भागीदार. वीस वर्षांत जागा बदलल्या नाहीत.

तर आशा आता शिकतेय. तिला मेंढीकोट येतो, त्यामुळे हात कसे घ्यायचे, हुकूम म्हणजे काय, हे सांगावं लागलं नाही. पण बोलीवर अडली. म्हणाली, "पत्ते टाकायच्या आधीच सगळं सांगून टाकायचं? मग मजा काय?"

मी म्हटलं, "सगळं कुठं सांगता येतं? समोरच्याची पानं दिसत नाहीत. आपण किती हात करू आणि कुठल्या हुकुमानं, एवढंच बोलायचं. आणि बोलायला शब्द पंधरा. एक ते सात आकडे, चार रंग, बिनहुकूम, पास, डबल आणि रिडबल. त्यापलीकडे खोकायचं पण नाही."

"पंधरा शब्दांत? आमच्या घरी पंधराशे वापरून कोणाला काही कळत नाही."

मग तिला धरणावरच्या साहेबांची ब्रिजची टिपणं काढून दाखवली. धरणाच्या कॉलनीत साहेबांच्या टेबलावर चौथा गडी कमी पडला म्हणून एका मोजणीदाराला, म्हणजे ह्यांना, बसवलं, आणि बदली होऊन जाताना त्यांनी स्वतः मराठीत टंकलेली ही चाळीस पानं ह्यांना दिली. तुम्ही हसायचात, पण मी सातवीनंतर पहिलं काही वाचलं असेल तर तेच. लायब्ररीची पुस्तकं नंतरची. आशानं उघडलं ते नेमकं "वेडी पानं" हे प्रकरण. एका रंगाची सात, दुसऱ्या रंगाची सहा, उरलेल्या दोन रंगांचं पान औषधालाही नाही, अशी पानं. साहेबांनी लिहिलंय की अशा वेळी एक्के-राजांचे पॉइंट मोजू नका, हरणारे हात मोजा. एकदम वर उडी मारा, म्हणजे विरुद्ध बाजूला आपसात बोलायला जागाच राहणार नाही. आणि शंका आली तर थांबू नका, एक वर बोला.

आशा म्हणाली, "हे तर आमच्या सासूबाईंचंच वर्णन आहे."

मी हसले. ती गेल्यावर ते वाक्य परत वाचलं. शंका आली तर एक वर बोला. तुमच्या दादांनी त्याखाली पेन्सिलीनं रेघ मारलीय. मग मला कळलं की तुम्हाला पाच का ऐकू आलं. तुमचा दादा शंका आल्यावर कधी थांबला नाही. तुमच्या हिशेबानं तो पाचच म्हणणार. तुम्ही ऐकलं नाही भाऊजी, तुम्ही धरून चाललात. मी तुम्हाला दोष देत नाही. एवढंच सांगायचं होतं.

वहिनी

ओतूर, १३ जानेवारी, भोगी

भरत भाऊजी,

तुमचं काही आलं नाही. उद्या संक्रांत, गोड बोलायचा दिवस. म्हणून आजच लिहिते.

आशानं काल विचारलं, पास आणि पाच यांत गोंधळ होतोच कसा? पाच इस्पिक, पाच बदाम असं पुरतं बोलायचं असतं ना? तिला काय सांगू, ती आपल्या घरची खोड. भागीदार जो रंग बोललाय तोच वर न्यायचा असेल तर नुसता आकडा बोलायचा. तुमच्या दादांना शब्दांची भारी टंचाई. तुम्ही 'चार इस्पिक' म्हणालात की ते नुसतं 'पाच', मध्ये कोणी पाच बदाम म्हणालं तरी, कारण इस्पिक बदामाच्या वर. आणि आपल्याकडे पाचमधला च हा चमच्यातला, चहातला नव्हे. दात जवळ आणले की झाला स.

आशा ओट्यावर बसून म्हणत राहिली, "पास. पाच. पास. पाच." दादाभाऊ आतून ओरडले, "ए बाई, एस्टीच्या चाकात हवा भरतीयेस काय?"

यावरून तो रविवार आठवला. दिवाळीच्या आधीचा, ह्यांना झटका यायच्या आधीचा शेवटचा डाव. तुम्हाला पानं कशी आली होती ते मला अजून पाठ आहे. इस्पिक सात, चौकट सहा, बदाम नाही, किल्वर नाही. ह्यांनी एक किल्वर बोलून सुरुवात केली. मी तीन बदाम. तुम्ही थेट चार इस्पिकवर उडी मारलीत. दादाभाऊ म्हणाले पाच बदाम. मग हे काहीतरी बोलले, मी पास म्हटलं, आणि तुम्ही छाती काढून सहा इस्पिक. एका हातानं बुडालात.

"दादा, तू पाच म्हणालास! तुझा पाठिंबा आहे म्हणून मी सहावर गेलो!"

"मी पास म्हणालो."

"हातात एवढे एक्के-राजे ठेवून पास?"

"अरे, ते बरेचसे किल्वरमध्ये. तुझ्याकडे किल्वर नाही हे मला काय स्वप्न पडणार होतं? वेडी पानं तुझ्या हातात. अशा जागी माझा पास म्हणजे थांब नव्हे. मला दोन्ही चालेल, तू ठरव, असा त्याचा अर्थ. ज्याला दिसतंय त्यानं ठरवायचं."

दादाभाऊ पत्ते गोळा करत म्हणाले, "आमच्यात बरं राव. एक घंटी थांब, दोन घंट्या चल. ह्यात तिसरी भानगडच न्हाई."

केवढे हसलो होतो. तुम्ही चिडून चहा घेतला नाहीत आणि निघताना परत येऊन घेतलात.

भाऊजी, हा डाव तुम्हाला आठवतो का? मला आठवतो. दवाखान्यातही आठवत होता.

भाकरी करपली वाटतं. थांबते.

वहिनी

ओतूर, १७ जानेवारी

भरत भाऊजी,

भाकरी करपली नव्हती. पुढचं लिहायचं नव्हतं म्हणून उठले. चार दिवस मी घरात नुसती फिरतेय. ओट्यावर जाते, आत येते, धुतलेली भांडी परत धुते. आज टेबलावरचा लसूण बाजूला सारला आणि पूर्वेला माझ्या जागेवर बसून लिहितेय.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, पास म्हणजे पास. ते खोटं आहे. पास म्हणजे काय हे तुमच्या दादांनी पंधरा दिवस आधी याच टेबलावर सांगितलं होतं आणि मी ते ऐकलं होतं. दवाखान्यात ते बोलले तेव्हा माझ्याकडे बघत नव्हते. पलंगाचा उशाकडचा भाग वर केलेला, नजर सरळ समोर, पायथ्याशी. तुमच्याकडे. तुम्ही तुमच्या नेहमीच्या जागेवर होतात भाऊजी, समोर. फाईल तुमच्या हातात होती. तिन्ही डॉक्टरांशी तुम्ही बोलला होतात, डोक्याचा फोटो तुम्ही बघितला होतात. माझ्या हातात फक्त त्यांचा डावा हात होता. भरत, तू ठरव, असं ते म्हणत होते हे मला त्याच क्षणी समजलं.

आणि तुम्ही काय ठरवणार तेही समजलं. तुम्ही पुण्याला नेणार. म्हणून तुम्ही तोंड उघडायच्या आत मी बोलले. नको, घरी नेतो, गाडी सांगा, सही मी करते. सगळं एका दमात. वेड्या पानांत एकदम वर उडी मारतात तशी. तुम्हाला बोलायला जागा राहू नये म्हणूनच. "वहिनी, जरा थांबा," एवढं तुम्ही म्हणालात. तोवर पेन माझ्या हातात होतं. सही झाल्यावर तुम्ही फाईल पलंगावर ठेवलीत आणि निघून गेलात. त्यानंतर आलात ते दहाव्याला, घाटावर.

मला त्यांना नळ्यांत बघायचं नव्हतं. लोकांना मी सांगते की त्यांना नको होतं. नको मला होतं.

आता दुसरी गोष्ट. ही माझ्या स्नेहललासुद्धा माहीत नाही, आणि ती माझी पोटची मुलगी आहे.

घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी हे काहीतरी मागायला लागले. "समसा, समसा." मला कळेना. मग डोळ्यांनी पेजेच्या वाटीकडे दाखवलं. चमचा हवा होता. चहाला 'सा' म्हणायचे. जीभ एका बाजूला ओढली गेली होती, तिला च येतच नव्हता. तुम्ही असतात तर तुम्हालाही दिसलं असतं.

दोन दिवस मी ते मनाआड केलं. चौथ्या दिवशी सकाळी त्यांचं तोंड पुसलं आणि माझा पंजा त्यांच्यासमोर धरला. पाच बोटं. विचारलं, "किती?"

त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. म्हणाले, "पास."

मग माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी का विचारतेय ते त्यांना कळलं होतं, असं मला वाटतं. तेव्हा विचारता आलं असतं भाऊजी. त्या दिवशी काय म्हणालात? पुण्याला जायचं होतं का? मान हलवता येत होती त्यांना. हो-नाही सांगता येत होतं. अजून पाच दिवस हातात होते, गाडी सांगता आली असती, तुम्हाला फोन करता आला असता. मी हात खाली घेतला आणि पेज भरवली.

म्हणून ते पास म्हणाले की पाच, हे मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही. त्या तोंडातून दोन्ही सारखंच निघालं असतं. तुम्ही आणि मी तीन वर्षं ज्या शब्दावरून भांडलो तो आपण दोघांनीही ऐकलेला नाही.

रोज त्यावर विचार करते आणि तिथंच येते. पाच असेल, तर त्यांचं ऐकायला हवं होतं. पास असेल, तर तुमचं. दोन्हीत माझी पाळी नव्हती. खेळात पाळी नसताना कोणी बोललं तर हरकत घेतात. तुमची हरकत रास्त आहे. दुकानात जे बोललात त्यात एवढीच दुरुस्ती करा, की वहिनीनं चुकीचं ऐकलं असं नाही, तिनं ऐकून घेतलंच नाही. गिऱ्हाइकांच्या देखत सांगितलंत तरी चालेल.

पुण्याला नेलं असतं तर ते वाचले असते का, हे मी विचारत नाही. त्याचं उत्तर कोणाकडे नाही.

सोबत एक कोरं कार्ड घातलंय, माझा पत्ता लिहून. तुमची पाळी मी त्या दिवशी घेतली, ती आज परत देते. या घराशी, माझ्याशी संबंध ठेवायचा की इथंच संपवायचा, ते तुम्ही ठरवा. माझं तुमच्यावर ओझं नाही. एक शब्द लिहिलात तरी पुरे. कार्ड आलं नाही तर तेही उत्तर समजेन आणि परत लिहिणार नाही.

कुशा

ओतूर, ३० जानेवारी

भरत भाऊजी,

कार्ड मिळालं. तेरा दिवस लागले. पोस्टानं इतके घेतले नसतील, तुम्हीच घेतलेत. मी रोज अकराला फाटकाशी उभी राहायचे, पारिजातकाला पाणी घालायच्या निमित्तानं. झाड पाण्यानं कुजायला आलंय.

कार्ड उघडं असतं, त्यामुळे सुनील पोस्टमननं आधीच वाचलं होतं. लांबूनच ओरडला, "काकू, पेढे! कोण पास झालं?"

एकच शब्द. पास. खाली सही नाही, तारीख नाही. मागं-पुढं करून बघितलं, उजेडाला धरलं. स चांगला स्वच्छ आहे, शाळेत गिरवल्यासारखा. तुम्ही तो सावकाश काढलाय.

दादाभाऊंना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, काढला, परत लावला. म्हणाले, "वैनी, एकच घंटी हाये ही. वाईट वाटून घेऊ नका."

आशा त्यांच्या खांद्यावरून वाचत होती. म्हणाली, "मामंजी, ही तुमची एस्टी न्हाई. काकूंनी मला शिकवलंय. अशा जागी पास म्हणजे, तुम्ही ठरवा."

थांबा की तुम्ही ठरवा, हे तुम्ही लिहिलेलं नाही. लिहायला कार्डावर जागा भरपूर होती. एकदा असाच एक शब्द मी माझ्या सोयीनं घेतला आणि विचारायची वेळ असून विचारलं नाही. ते परत करणार नाही. काय म्हणालात ते तुम्हाला समोर बसवून विचारणार आहे. थांबा म्हणालात तर थांबेन. पण तोंडावर सांगा. तुमची जीभ धड आहे, च आणि स दोन्ही येतात.

तोवर पाळी माझी आहे असं धरते, कारण यावेळी ती तुम्हीच दिलीत.

टेबल ओट्यावर आणलं, ओल्या फडक्यानं पुसलं. लसणाचा वास जात नाही, तेवढा चालवून घ्या. आशाला पूर्वेला बसवलंय, सासऱ्याची भागीदार. तिला पानं अजून हातात धरता येत नाहीत, पण बोलायला भीत नाही. दक्षिण तुमची मोकळी आहे. उत्तरेला मी बसेन. तिथं बसून बघितलं, समोरची खुर्ची सरळ दिसते.

पूर्वी आपण दोनला बसायचो, तुम्हाला उजेड आहे तोवर परतता यावं म्हणून. आता उसाच्या कडेनं बिबट्या पाचलाच फिरायला निघतो, अंधारात मोटरसायकलवर जाणं बरं नाही. म्हणून दोनला बोलावत नाही. रविवारी अशा वेळी या की परत जाताच येणार नाही. तुमचं अंथरूण उन्हात टाकलंय.

रविवारी पाच. चमच्यातला च आहे. दोनदा गिरवलाय, नीट बघा.

वहिनी